फ्लेक्सवरची बोटं

माझा जाहीर सत्कार झाला तेव्हा मी फक्त अर्ज भरला होता. प्रवेशपत्र यायचं होतं, परीक्षा व्हायची होती, आणलेल्या पुस्तकांचं वेष्टनसुद्धा निघालं नव्हतं. तरी डोक्याला फेटा बांधला गेला, खांद्यावर शाल पडली आणि हातात नारळ आला. नको म्हणायला पाहिजे होतं, हे मलाही कळतं. पण फेटा बांधला की माणसाची मान आपोआप ताठ होते, आणि ताठ मान नको म्हणून हलवता येत नाही.

मी नांदेडच्या एका अनुदानित शाळेत लिपिक आहे. शाळेत मला सगळे सर म्हणतात. शिकवावं लागत नाही आणि सर म्हणवून घेता येतं, असं सुख फार थोड्या नोकऱ्यांत असेल. पण आयोगाची सहायक कक्ष अधिकारी पदाची जाहिरात आली आणि माझ्या ध्यानात आलं की वयाच्या अटीत मी यंदा शेवटचा बसतोय. पुढच्या वर्षी दार बंद. यंदा झालो तर साहेब, नाहीतर निवृत्त होईपर्यंत बोनाफाईड लिहिणारा आनंदराज सर. माझी बायको सत्यशीला म्हणाली की भरून टाका, म्हातारपणी 'भरला असता तर' असं कुरकुरणं तरी ऐकावं लागणार नाही.

अर्ज ऑनलाइन होता, म्हणजे ऋतुजाच्या दुकानात जाऊन भरायचा होता. गल्लीच्या तोंडाशी तिचं मल्टी सर्व्हिसेस आहे. आधार, पीकविमा, शिष्यवृत्ती, रेल्वेचं तिकीट, सगळा कारभार ती पोरगी एकाच खुर्चीवरून चालवते. घरातल्या खाष्ट सासऱ्याबद्दल बोलावं तशी ती सर्व्हरबद्दल बोलते. आज त्याचा मूड नाही, उद्या या. मी शाळा सुटली की तिथं जायचो आणि माझी आई, चांगुणाबाई, माझ्या आधीच पायरीवर येऊन बसलेली असायची. लेकाचं सरकारी काम अडलंय म्हटल्यावर आपण तिथं हजर पाहिजे, असा तिचा हिशेब. सर्व्हरलाही कुणीतरी वडीलधारं बसलेलं दिसलं पाहिजे, असंही ती म्हणायची.

सर्व्हरचा मूड आला तेव्हा फोटो अडला. मागची बाजू पांढरी पाहिजे होती. आमच्या भिंती पोपटी आणि चादरी सगळ्या फुलाफुलांच्या. शेवटी आईनं पेटीतून तिचं पांढरं लुगडं काढलं, पौर्णिमेला विहारात जाताना नेसायचं. एकीकडून आईनं आणि दुसरीकडून सत्यशीलानं ते माझ्यामागं ताणून धरलं आणि शेजारचे शेषेरावकाका स्वतःचा मोबाइल घेऊन समोर उभे राहिले. शेषेरावकाका एसटीतले निवृत्त कंडक्टर. सगळी हयात देगलूरच्या रस्त्यावर गेली, त्यामुळे फोटो काढतानाही ते "पुढं सरका, मागं जागा करा" एवढंच म्हणत होते. सरकता सरकता माझे डोळे मोठे झाले आणि नेमकं तेव्हाच त्यांनी बटण दाबलं. फोटोत माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, लुगड्याच्या काठावर, सासूसुनेची बोटं आली. ऋतुजानं ती कापून चेहरा तेवढा चढवला.

परीक्षा केंद्राचा सल्लाही काकांचाच. "लातूरच टाका, सर. तिथल्या बाकड्यालाबी अभ्यासाची सवय हाय." मला ते पटलं, पण माझं कारण वेगळं होतं. नांदेडला बसलो तर ज्यांचे शाळा सोडल्याचे दाखले मी लिहिले ती पोरं शेजारच्या बाकावर यायची, आणि माणसाला काही इभ्रत असते.

अर्ज गेला त्या संध्याकाळी आई पायरीवरून उठली ती थेट हलवायाकडं गेली आणि घरोघर पेढे वाटून आली. मी जरा रागावलोच. म्हटलं, अगं, नुसता अर्ज गेलाय. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी अजून पाळण्यातच आहे.

"तुझ्या बापानं मुदखेडच्या टेशनावर जलमभर हमाली केली," ती म्हणाली. "सरकारी कागदावर त्याचा निस्ता अंगठा उठला. तू सायबाच्या जागंसाठी सही केलास. मंग पेढे न्हाई वाटू तर काय वाटू?"

पण गल्लीचा पेढ्याचा कायदा वेगळा आहे. आमच्याकडं पेढा येतो तो मूल झाल्याचा, नाहीतर नोकरी लागल्याचा. माझं वय बघून लोकांनी पहिलं कारण बाद केलं. दिवेलागणीला आमच्या दारात चपलांचा ढीग पडला आणि मी साहेब झालो.

बालाजीचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि येत्या निवडणुकीत त्याला नगरसेवक व्हायचंय. गेल्या निवडणुकीतही त्याला तेच व्हायचं होतं. त्यामुळे गल्लीत कुणाचं काही चांगलं झालं की बालाजी फ्लेक्स लावतो, कारण शुभेच्छुक म्हणून त्याचा स्वतःचा फोटो उत्सवमूर्तीपेक्षा थोडासाच लहान ठेवता येतो. सकाळी मी दूध आणायला निघालो तर चौकात मीच उभा. मोठे डोळे, मागं पांढरं लुगडं आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना बोटं. काकांच्या मोबाइलमधला न कापलेला फोटो त्यानं मिळवला होता. खाली लिहिलं होतं, 'संबोधीनगरचे भूषण, कक्ष अधिकारीपदी निवड'. 'सहायक'ला जागा उरली नव्हती, ती बालाजीच्या गॉगलला लागली होती.

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा, परीक्षा अजून व्हायचीय. तो जराही डगमगला नाही. "सर, आधी फ्लेक्स लागला की मागून काम होतंच. माझा अनुभव हाय." त्याच्या स्वतःच्या 'भावी नगरसेवक' फ्लेक्सचा रंग तेव्हा उन्हानं उडत चालला होता. ते बोलून दाखवणं मला बरं दिसलं नाही.

मग चौकात सत्कार झाला. हलगी होती. मला दोन शब्द बोलायला लावलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की ही फक्त सुरुवात आहे, खरी परीक्षा पुढंच आहे. लोकांनी विनय समजून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर सत्यशीलानं फेटा उतरवून ठेवला आणि "गुडघ्याला बाशिंग" एवढेच दोन शब्द बोलून भाकरी थापायला बसली.

फेट्याचे परिणाम दुसऱ्या दिवसापासून दिसू लागले. कुणी घरकुलाचं काम घेऊन आलं, कुणी रेशनकार्डातलं नाव वाढवायला. कक्ष म्हणजे नेमका कोणता, दवाखान्यातला का, अशी विचारपूस झाली. कक्ष म्हणजे खोली हे मी समजावून सांगितलं, तेव्हा एका म्हातारबांनी घरमालक खोली देत नाही म्हणून तक्रार नोंदवून घ्यायला लावली. शाळेत मुख्याध्यापकांनी तर माझं टेबलच दुसऱ्याला देऊन टाकलं. तुम्ही आता जाणार, म्हणाले, नव्या माणसाला सवय होऊ द्या. मी ग्रंथालयात एका कपाटाच्या आडोशाला बसून बोनाफाईड लिहू लागलो. आता नापास होणं मला परवडणारं नव्हतं. नापास झालो तर परत टेबल तरी कुठल्या तोंडानं मागायचं?

अभ्यास सुरू झाला. सत्यशीला भाकरी थापता थापता पुस्तक समोर उघडं ठेवून मला प्रश्न विचारायची. मी विचारात पडलो की तवा तापायच्या आत तीच उत्तर सांगून मोकळी. तिनं लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलंय, हे मी अभिमानानं सगळ्यांना सांगतो, पण त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आयोगानं अर्जाची मुदत वाढवली तेव्हा ती म्हणाली, "मीबी भरते. तुमच्यासंग लातूरला यायचंच हाय. बाहेर उन्हात बसण्यापरीस आत पंख्याखाली बसते."

मी हसलो. तीही हसली, पण दुसऱ्याच दिवशी आई आणि मी लुगडं धरून उभे होतो, आणि काका तिला पुढं सरका म्हणत होते. ती सरकली नाही. जिथं उभी होती तिथंच उभी राहिली आणि फोटो चांगला आला. पेढे वाटायला मात्र मी आईला सक्त मनाई केली. दोघांना लातूरची एकच शाळा मिळाली, हा मला शुभशकुन वाटला.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघायचं होतं. काका आम्हाला बसवून द्यायला मोटारसायकलवर स्टँडवर आले. आता आमच्याकडं गाडीत जागा मिळवायची एक रीत आहे. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा आणि मग आरामात दारानं चढायचं. ज्याचा रुमाल त्याची जागा. पण काकांचं म्हणणं पडलं की रुमालाला आता कुणी जुमानत नाही, लोक उचलून खाली फेकतात. "वजनदार काहीतरी टाका. सरकारी कागदाला हात लावायला माणूस भितंय, मी सगळ्या नोकरीत बघितलंय."

माझ्या हातात निळी फाईल होती. तीत प्रवेशपत्र, आधारकार्ड, पॅनकार्ड, सगळं मूळचं. यापेक्षा सरकारी काय असणार? लातूरच्या दाराशी झुंबड होती, म्हणून मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेलो. शेजारी आणखी एक गाडी अगदी चिकटून उभी होती. मी दोन्हींच्या मधल्या बोळात शिरलो, टाचा उंचावल्या आणि खिडकीतून फाईल टाकली. विजयी मुद्रेनं परत आलो, रेटारेटी करून चढलो, आणि बघतो तर एकाही सीटवर फाईल नाही. खिडकीतून पाहिलं. शेजारची गाडी मागं सरकत होती. तिच्यात, खिडकीजवळच्या सीटवर, एकटी, कुणीही हात न लावलेली माझी निळी फाईल बसली होती. काकांचं बरोबर होतं, सरकारी कागदाला माणूस भितो. गाडी देगलूरला निघाली होती.

आमची गाडीही सुटत होती. प्रवेशपत्र कुठल्याही दुकानात पुन्हा काढता आलं असतं, पण मूळ ओळखपत्राशिवाय आत घेत नाहीत. सत्यशीला माझ्यामागं उतरू लागली. मी तिला दारातच थांबवलं. म्हटलं, तू हो पुढं, मी फाईल घेऊन मागोमाग पोचतो. तिची फाईल तिच्या पर्समध्ये होती, कारण तिला काकांनी सल्ला दिला नव्हता.

"तुमच्याबिगर मी जाऊन काय करू?" ती म्हणाली.

"पंख्याखाली बस," मी म्हटलं. कंडक्टरनं घंटी मारली.

यानंतर काकांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे आणि त्यांच्यावर माझा जन्माचा रागही आहे. त्यांनी देगलूर आगारातल्या सगळ्या जुन्या ओळखी फोनवरून जाग्या केल्या, आणि माझी फाईल नरसीच्या चौकात एका चहावाल्याकडं उतरवून घेतली. आम्ही मोटारसायकलनं नरसी गाठली, फाईल छातीशी धरली, आणि तिथून काकांनी मला मधल्या रस्त्यानं लातूरला पोचवायचं ठरवलं. त्यांच्या मते तो रस्ता जवळचा होता. रस्ता जवळचा होता, फक्त त्यावर खडी अंथरलेली होती. मुखेडच्या पुढं टायर बसलं. मला एका काळीपिवळी जीपमध्ये कोंबून काका टायरपाशी थांबले. काळीपिवळी पुरती भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती भरली आहे असं तिच्या मालकाला काही केल्या वाटेना.

मी केंद्रावर पोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं. मी फाईल दाखवली. आधारकार्ड दाखवलं. पहारेकऱ्यानं ते शांतपणे पाहिलं आणि मायेनं विचारलं, "काका, मुलगी आत हाय का मुलगा?"

मी आधारकार्ड परत फाईलीत ठेवलं. समोर कडुलिंबाखाली आईबाप, भाऊ, नवरे असे सगळे पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी सरकून जागा करून दिली. इतकी वर्षं मनात एक खुर्ची धरून ठेवली होती, आणि बसायला मिळाली ती कडुलिंबाची मुळी. निलंग्याहून आलेल्या एका बापानं बाटलीतलं पाणी पुढं केलं आणि तेच विचारलं, आत कोण आहे.

"बायको," मी म्हटलं. शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा मला स्वतःलाच तो बरा वाटला. त्या बापानं आजूबाजूच्यांना सांगितलं, सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मी नकळत पाठ सरळ केली. फेट्यावाचून माझी पाठ सरळ झाल्याची ती पहिलीच वेळ असावी.

पेपर सुटल्यावर सत्यशीला बाहेर आली. आधी तिनं फाईल पाहिली, मग माझा चेहरा, आणि तिला सगळं कळलं. आम्ही स्टँडकडं चालू लागलो. मग तीच म्हणाली, "पयले तर पेपरात जीवच लागंना. मंग म्हटलं, ज्या प्रश्नाला तुम्ही रोज चुकता ते तरी बरोबर सोडवावं."

शेषेरावकाकांच्या पोटात तिकिटाशिवाय कधी काही राहिलं नाही. आम्ही परतायच्या आत संबोधीनगरात सगळी हकिकत पोचली होती. घरकुलवाले दिसेनासे झाले. मुख्याध्यापकांनी माझं टेबल परत दिलं आणि माणसानं प्रयत्न करत राहावं, असा उपदेशही दिला. फ्लेक्स काढायला बालाजी तयार होईना, कारण त्याचाही फोटो त्यावर होता. शेवटी आईनं स्वतः जाऊन तो सोडवून आणला आणि गच्चीवर सावलीसाठी बांधून टाकला, चेहरा खालच्या बाजूला करून.

पूर्वपरीक्षेत सत्यशीला पास झाली. मुख्य परीक्षेचा अभ्यास तिनं त्याच फ्लेक्सखाली बसून केला. मी डोळे मोठे करून वरून बघत होतो आणि खाली स्वयंपाकघरातून प्रश्न विचारत होतो. भाकरी आता माझ्याकडं आल्या. त्या गोल होत नसत. आई त्यांना बघून हा कुठला तालुका असं विचारायची. पण ज्या प्रश्नांची उत्तरं मला कधी आली नव्हती ती विचारता विचारता पाठ झाली. माझं वय सरलं होतं, नाहीतर मी सांगतो, मीही निघालो असतो.

शेवटचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी तव्यासमोरच होतो. ऋतुजा दुकान उघडं टाकून पळत आली. यादीत नाव होतं. सत्यशीला सहायक कक्ष अधिकारी. मला वाईट वाटलं का? वाटलं. तव्यावरची एक भाकर भाजून होईपर्यंत वाटलं. मग ती भाकर करपली आणि मी रडलो, ते मात्र आनंदानं. आमच्या घरातला माणूस साहेब झाला होता, आणि त्या साहेबाला मी रोज संध्याकाळी प्रश्न विचारत होतो.

आई पेढे घेऊन निघाली, पण गल्ली शहाणी झाली होती. शेषेरावकाकांनी पेढा हातात घेतला, तोंडाकडं नेला आणि थांबले. "चांगुणाबाई, अर्ज भरला का निकाल लागला?" बालाजीनं तर यादी मोबाइलवर मागून घेतली, नाव, बैठक क्रमांक, सगळं ताडून पाहिलं, आणि मगच फ्लेक्सला हात घातला. माझी मेहनत वाया गेली नाही. एका भावी नगरसेवकाला मी पडताळणी शिकवली.

फ्लेक्स छापण्याआधी त्यानं मला दुकानात बोलावलं. पडद्यावर सत्यशीला होती, शांत, सरळ बघणारी. 'सहायक' हा शब्द आईनं बजावून लिहून घेतला होता, कारण आमच्याकडं आता खोटं काही चालत नाही. खाली शुभेच्छुकांची रांग होती. गॉगल, गॉगल, गॉगल, आणि अगदी शेवटी, कोपऱ्यात, नारळाएवढा मी. फोटो तोच, मोठ्या डोळ्यांचा.

बालाजीनं बोट वर नेलं. सत्यशीलाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, पांढऱ्या लुगड्याच्या काठावर, बोटं दिसत होती. डावीकडची गोंदलेली, आईची. उजवीकडची शाळेच्या शिक्क्याच्या शाईनं निळी झालेली.

"सर, मागच्या टायमाला लोकं हासले होते," तो म्हणाला. "ही कापून टाकू का?"

मी त्याला सांगितलं की जागा कमी पडत असेल तर खालचा माझा फोटो काढून टाक. वरची बोटं राहू दे.